काठीच्या तिसऱ्या बाजूला

१२ जानेवारी

ताईने ही वही निघताना पिशवीत कोंबली. म्हणाली, पळायचं तर पळ, पण कुठून आणि का पळालास ते लिहून ठेव, मी विचारलं की तू मूग गिळून बसतोस. सातवीनंतर मी काही लिहिलेलं नाही, सही सोडून. तरी लिहितो.

आतापर्यंत पाच कामं सोडली. बेकरीत हात भाजला म्हणून नाही, तर करपलेला माल मी लपवला आणि दुसऱ्या दिवशी सांगायचं धाडस झालं नाही म्हणून. रंगकामातही तसंच. काहीतरी चुकतं, आणि ते कुणाला दिसायच्या आत माझे पाय आपोआप स्टँडवर. हे ताईला माहीत आहे. म्हणूनच वही.

आता या परक्या मुलखात सुतारकाम. मिस्त्री आपल्या भाषेचा, म्हणून ठेवून घेतलं. मला भिंगरी म्हणतो. इथली भाषा मला बारा आण्यांनी समजते, लिपी मात्र काळ्या मुंग्यांची रांग. आकडेसुद्धा यांचे वेगळे.

१९ जानेवारी

आज मिस्त्रीने एका घरी पाठवलं. घर जुनं, बैठं, मागे बाग. तिथे एक बाई एकटी राहते, पन्नाशीच्या आतली, पण केस सगळे पांढरे. मी काकू म्हणायला लागलो, तिने चालवून घेतलं.

काम मांजरांचं. मी हसलो तर मिस्त्रीने सकाळीच दटावलं होतं की गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. पण मांजरं बघून हसू गेलं. दोन आहेत, झिपरी, एकेक नऊ किलोचं, शेपटी म्हणजे छत झाडायचा झाडू. एक सारखा घरभर फेऱ्या मारत प्रत्येक दार तपासतो, त्याला मी हवालदार नाव दिलं. दुसरी बाईसाहेब. सोफ्याच्या पाठीचा कापूस बाहेर, पडद्यांच्या चिंध्या.

काकूला मार्चअखेर हे घर सोडायचंय. चौथ्या मजल्यावर छोटी जागा घेतलीय, बाग नाही. यांना चढायला, नखं घासायला काही नसलं तर ही दोघं भिंती खातील, म्हणाली. दोघांना पेलेल असं झाड करून हवंय.

२५ जानेवारी

झाड केलं. मला वाटलं दोन तासांचं काम. खांब, वर दोन फळ्या, खाली प्लायचं बूड, खांबाला दोर. हवालदार आला, वास घेतला, एका उडीत वरच्या फळीवर. झाड असं डोललं की तो उलटा होऊन भिंतीवर आपटला. मग दोघांनी माझ्याकडे जे बघितलं, शाळेतले गुरुजी आठवले.

काकू म्हणाली, एकदा हललं की ती आता कधीच यावर चढणार नाहीत. खरंच चढली नाहीत. स्टँड इथून वीस मिनिटांवर आहे हे डोक्यात आलं होतं, लिहून ठेवतो.

३ फेब्रुवारी

मिस्त्री म्हणाला, खुर्ची करताना माणसाचं बूड बघतोस ना, मग मांजर बघ. म्हणून आज दुपारभर काकूच्या घरी नुसता बसून होतो.

शिकलो ते असं. मांजर नखं घासतं तेव्हा आधी पूर्ण ताणतं, म्हणून खांब त्याच्या ताणापेक्षा उंच हवा. काथ्याने पंजात कुसं जातात, घायपाताचा दोर चालतो, आणि प्रत्येक वेढा लाकडी हातोडीने खालच्यावर ठोकून बसवायचा. बूड जड हवं, खांब पाचरीने घट्ट, आणि वरचं टोक भिंतीला कोनपट्टीने धरलेलं. खाली उतरायला मधे एक फळी, नाहीतर एवढं वजन थेट गुडघ्यांवर येतं.

आणखी एक बघितलं. आतल्या खोलीच्या दाराशी दोघं बराच वेळ बसतात. दार नाही, नुसती जुनी चौकट आहे. हवालदार चौकटीच्या डाव्या खांबाला पाठ घासतो, मग कंबर वर करून शेपटी ताठ, जसं कुणी पाठीवरून हात फिरवल्यावर करतात. डोळे मिटून. बाईसाहेब समोर बसून वर बघते, साधारण माझ्या छातीच्या उंचीला. तिथे काही नाही, मी जाऊन बघितलं. माशीसुद्धा नाही.

काकूला म्हटलं, यांना ही चौकट फार आवडते. ती हो म्हणाली आणि चहा टाकायला गेली. चहा काही आणला नाही.

२० फेब्रुवारी

काकूने आज सांगितलं की नव्या झाडाचा खांब त्या चौकटीचाच कर. घर घेणारा सगळं पाडणार आहे, त्याला चौकटीचं काही पडलेलं नाही. लाकूड बघितलं, जुनं, जड, चार बोटं जाड, आत कीड नाही. असं लाकूड आता मिळत नाही. मला काम सोपं झालं म्हणून आनंद झाला. तिला विचारलं, डावा की उजवा. लगेच म्हणाली, डावा.

९ मार्च

चौकट काढली. डाव्या खांबावर आतल्या अंगाला चाकूने मारलेल्या आडव्या रेघा आहेत. एकीवर एक, आठ. प्रत्येकीशेजारी पेन्सिलीने त्यांच्या मुंग्यांच्या लिपीत काही लिहिलेलं. मला वाचता येत नाही, पण प्रत्येक ओळीची सुरुवात त्याच दोन आकड्यांनी होते एवढं कळतं. पिल्लू असल्यापासून मांजराचा ताण मापला असणार. लोक हौशी असतात. सगळ्यात वरची रेघ माझ्या छातीला आली. हवालदार दोन पायांवर उभा राहिला तरी तिथवर पंजा जेमतेम पोचेल, उडी मारून मोजला असेल.

मला हे बरं सापडलं. फळ्या याच उंचीवर बसवल्या तर मांजरांच्या सवयीचं होईल. म्हणून मामाची काठी उभी लावून आठही उंच्या उतरवून घेतल्या. काठीबद्दल लिहायला हवं. मामा सुतार होता. माझं आकड्यांशी जमत नाही हे बघून त्याने मला टेप दिलीच नाही, ही हनुवटीपर्यंतची चौकोनी काठी दिली. चार बाजू, एका बाजूला एक काम. काम संपलं की ती बाजू रंध्याने साफ. आकडा विसरतो, काठी विसरत नाही, म्हणायचा. माझी खूण बाणासारखी, दोन तिरक्या रेघा, टोक बरोबर मापावर. तिसऱ्या बाजूला आठ बाण मारले. दोनदा मोजले, बोट ठेवून.

काठी लावताना डाव्या हाताला गार लागत होतं. दाराची झुळूक असेल. पण बाहेरचं दार बंद होतं, खिडक्याही.

१४ मार्च

खांब आज कारखान्यात साफ केला. वर तीन थर जुना रंग होता. मांजरं चाटतात, रंग पोटात जायला नको. आधी खरडला, मग चारी बाजूंनी रंधा मारला. आतून काय लाकूड निघालं, मधासारखं. मिस्त्री थांबून बघून गेला. काही म्हणाला नाही म्हणजे कौतुक.

घासकागद मारताना मला सारखं वाटत होतं मागे कुणी उभं आहे. मिस्त्री जेवायला गेला होता. मी तीनदा वळलो.

१९ मार्च

आज काकू न सांगता कारखान्यात आली. दुपारी दोनला. चांगली साडी वगैरे नेसलेली, हातात छोटी पेन्सिल. म्हणाली, खांब बघायचाय, दोनच मिनिटं.

मी हौसेने टेकवून ठेवलेला खांब दाखवला. तिने जवळ जाऊन तळहात लावला आणि खालून वरपर्यंत नेला. मग दुसऱ्या बाजूला. मग तिसऱ्या. मग मला विचारलं की हा तोच का. मी म्हटलं तोच, ओळखू येत नाही ना.

ती तिथल्या स्टुलावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग विचारलं, "भुसा कुठे टाकलास?"

कोपऱ्यातलं पोतं दाखवलं. त्यात पाच दिवसांचा सगळा भुसा, कुणाचा कुठला कोण सांगणार. तिने हात घातला, थोडा काढला, परत टाकला. मग अख्खं पोतं उचलायला लागली. मी धरायला गेलो तर म्हणाली, नको. पोतं घेऊन गेली, पेन्सिल मात्र स्टुलावरच राहिली.

मी मिस्त्रीला विचारलं, काय झालं. त्याने मला बाहेर नेलं आणि सांगितलं. त्या बाईला मुलगी होती. मागच्या उन्हाळ्यात ताप आला आणि आठवड्यात गेली. आठ वर्षांची. मिस्त्रीला माहीत होतं, पण चौकटीवर रेघा आहेत हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मुलगी होती हे माहीत नव्हतं. दोघांनी मिळून केलं म्हणायचं. पण रंधा माझ्या हातात होता.

२० मार्च

सकाळी मिस्त्री यायच्या आत पिशवी भरली. स्टँडवर गेलो. कुठली गाडी हेसुद्धा बघितलं नाही, जी लागली होती तिच्यात चढलो. वही आणली होती, ताईसाठी. लिहिणार होतो की सहावं.

कंडक्टर म्हणाला, ही काठी आत नाही चालणार, लोकांच्या डोळ्यात जाईल, टपावर टाक. मी पिशवीत खोचलेली काठी ओढून काढली आणि तिसरी बाजू समोर आली.

उंच्या सगळ्या काठीवर होत्या.

मी गाडीतून उतरलो. काय झालं म्हणून कंडक्टर बघत राहिला. बाकावर बसून बोट ठेवून मोजल्या. नऊ. पुन्हा मोजल्या. नऊ. खालचे आठ माझे बाण आहेत. नववी सगळ्यात वर, आठवीच्या चार बोटं वर, आणि ती बाण नाही. आडवी रेघ आहे, जराशी तिरकी, नखाने ओढावी तशी पुसट.

आकड्यांशी माझं जमत नाही हे जगजाहीर आहे. कुठेतरी घासली असेल. पण मी पळालो नाही, हे ताईने वाचावं.

२१ मार्च

काकूच्या घरी खांब घेऊन गेलो, मिस्त्रीच्या टेम्पोतून. घरात खोकी बांधून ठेवलेली. आतल्या खोलीच्या भिंतीला चौकटीच्या जागी नुसतं भोक, आणि दोन्ही मांजरं त्या भोकासमोर बसलेली.

काकूने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. मी दारातच बोललो. सगळं, एका दमात. की रेघा मांजराच्या आहेत असं मला वाटलं. की रंधा मीच मारला. की काल मी पळून चाललो होतो. शेवटचं सांगायची गरज नव्हती, पण निघून गेलं तोंडातून.

ती म्हणाली, "मीच सांगायला हवं होतं रे. मला वाटलं, दिसतंच आहे."

मग मी काठी दाखवली.

खांब जमिनीवर उभा धरला, काठी लावली आणि चाकूने एकेक रेघ मारत गेलो, खालून. एक वर्षाची माझ्या गुडघ्याच्या वीतभर वर. ती उभी राहायला शिकली त्याच महिन्यातली, काकू म्हणाली. मग एकेक रेघ झाली की ती शेजारी वाढदिवसाची, म्हणजे परवाची, तारीख आणि वर्ष लिहायची, न आठवता, जसं समोर ठेवून उतरवतात. मी तिची पेन्सिल परत आणली होती. चौथीला हसली. त्या वर्षी पोरीने बूट घालून मोजायचा हट्ट धरला होता म्हणे.

आठ झाल्या. मी काठी बाजूला घेणार, तेवढ्यात तिने धरली. नववीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, ती चुकून लागलीय, माझी नाही. तिने काठी उजेडात नेली. रेघेचा तिरकेपणा अंगठ्याने चाचपला. तिचा चेहरा बघायचं माझं धाडस झालं नाही, मी मांजरांकडे बघत बसलो. मांजरं आता भोकाकडे बघत नव्हती. खांबाकडे बघत होती, खांबाच्या जरा पुढे.

"टाचा उचलल्यात," काकू म्हणाली. "दरवर्षी उचलायची."

मग म्हणाली, ही पण मार. मी मारली. तिने शेजारी लिहिलं, पहिले दोन आकडे तेच. हवालदार उठून आला आणि खांबाच्या बाजूला डोळे मिटून पाठ वर केली.

मी निघताना तिने पहिल्यांदा चहा दिला, दोन कप भरून. एक माझ्यापुढे, एक तिचा. आणि एका पेल्यात दूध, ते टेबलावर तसंच. मांजरांना खाली बशीत वेगळं होतं.

२९ मार्च

चौथ्या मजल्यावर झाड बसवलं. लिफ्टमध्ये खांब मावेना, पायऱ्यांवरून चढवला, माझा खांदा गेला. बूड दोन प्लायचं, आत दगडी लादी. रेघांची बाजू मोकळी ठेवली, दोर उरलेल्या तीन बाजूंना यू-खिळ्यांनी बसवला. हे सोपं नव्हतं, वेढा कोपऱ्यावर सुटतो. तीन फळ्या. झाडाला मी स्वतः लोंबकळून बघितलं, जागचं हललं नाही.

दोघं पहिल्यांदा शंकेने आली. मागचा अनुभव. मग हवालदार तिसऱ्या फळीवर, बाईसाहेब पहिलीवर. मधली रिकामी. मी म्हटलं, होईल सवय.

११ मे

कोनपट्टीचा एक स्क्रू सैल झाला म्हणून काकूने बोलावलं. मिस्त्री म्हणाला, भिंगरी, अजून इथेच का रे तू. मी म्हटलं, दोर संपू दे.

मधली फळी रिकामीच. दोघं मांजरं तिच्या वर आणि खाली, शेपट्या बाजूला सोडून, जसं बाकावर कुणाला जागा करून देतात. फळीवरचा कापडाचा तुकडा मात्र मधोमध दबलेला. मांजराचा केस एक नाही त्यावर, बाकी फळ्या केसांनी भरलेल्या.

दोर बघितला. नखांनी दोर उसवतो, कुसं उभी राहतात, खाली तसाच झालाय. पण छातीच्या उंचीला एक वीतभर पट्टा गुळगुळीत आहे, चमकतो, जसा जिन्याचा कठडा सगळ्यांचे हात लागून होतो. मांजर असं करत नाही. काकूला दाखवलं नाही. तिला माहीत असेल असं वाटलं.

स्क्रू आवळताना पायापाशी काहीतरी हललं म्हणून मी सरकून जागा दिली. दोन्ही मांजरं तेव्हा खिडकीत होती. मी काम पुरं केलं. भीती वाटली का, ताई विचारेल. वाटली. पण रंधा मारताना वाटली होती तशी नाही.

पुढच्या वर्षीचा १९ मार्च

बऱ्याच महिन्यांनी वही उघडली. लिहायला काही नव्हतं, म्हणजे पळालो नाही. मिस्त्री आता मांजरांची सगळी कामं माझ्याकडे देतो. सात झाडं केली, एक नाही हललं. ताईला फोनवर सांगितलं तर तिला खरं वाटेना, मिस्त्रीला फोन दे म्हणाली.

आज दुपारी काकूचा फोन. आवाज बरा होता. मांजरं मजेत, हवालदार जरा सुटलाय. मधली फळी वर घ्यायला हवी म्हणाली, आणि खांबाला डोक्यावर एक तुकडा जोडता आला तर बघ. मी म्हटलं, काकू, ही मांजरं आता वाढायची नाहीत. ती म्हणाली, माहीत आहे रे मला.

माप घ्यायला कधी येऊ, असं विचारणार होतो. त्याआधी खुंटीवरची काठी काढली. तिसरी बाजू मी अजून साफ केलेली नाही, दुसरं काम तिच्यावर घेतलं नाही. इतके महिने काठी खुंटीला आहे, बाकीच्या तीन बाजूंवरच काम भागवतो.

दहा. नववीच्या तीन बोटं वर. आडवी, आणि सरळ. या वेळी टाचा टेकलेल्या.

काकू फोनवर थांबली होती. मी म्हटलं, माप आहे माझ्याकडे. ती म्हणाली, ये मग.

त्याच जातीचं जुनं लाकूड मिस्त्रीने मागच्या महिन्यात एका पाडलेल्या घरातून आणलं होतं, त्यातला हातभर तुकडा कापून घेतला. काकूची पेन्सिल तिच्याकडेच आहे. दोर मी जास्तीचा घेतलाय, अजून बरीच वर्षं पुरेल इतका. निघतो.